पापडीचे तेवीस दाणे

हॅरी लोपीसच्या घरात हिवाळा सुरू व्हायचा तो गीझरचं बटण दाबल्यावर. कतारमधल्या दुखानच्या कंपनी वसाहतीतल्या सगळ्याच घरांची ही तऱ्हा. उन्हाळ्यात छतावरची टाकी अशी तापायची की थंड नळाखाली हात धरवत नसे. म्हणून मे ते ऑक्टोबर गीझर बंद ठेवायचा आणि त्याच्या पोटात, घराच्या सावलीत निवलेलं पाणी लाल खुणेच्या नळातून थंड म्हणून वापरायचं. ऑक्टोबर सरता सरता हा उलटा कारभार पुन्हा सुलटा व्हायचा. त्या दिवशी त्याची बायको ग्रेसी लाल खुणेच्या नळाला ख्रिसमसच्या खोक्यातली लाल रिबीन बांधायची आणि घरभर ओरडायची, "नळ फिरले रे! हात सांभाळा!"

यंदा, १९९९ साली, बटण दाबायला हॅरी होता. ओरडायला कोणी नव्हतं. जुलैच्या सुट्टीत ग्रेसीला वसईच्या मातीत ठेवून हॅरी आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी डायना दोघंच परत आली होती.

डायना रडली नव्हती, हीच हॅरीची मोठी काळजी होती. दफनाच्या वेळी नाही, विमानात नाही, आईचे कपडे पेटीत भरतानाही नाही. शाळेतून यायची, जेवायची, हॅरीने मराठीत काही विचारलं की इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर द्यायची. "फाइन." पोरीला लहानपणापासून मराठी सगळी कळायची, पण जिभेवर ती यायची फक्त आईशी भांडताना. आता भांडायला कोणी राहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी हॅरीने हिवाळ्याची सगळी कामं एकट्याने उरकायला घेतली. एसीच्या जाळ्या धुतल्या, गोधड्या उन्हात टाकल्या, अंगणावरचं सावलीचं हिरवं कापड सोडलं. खरं तर इतकी वर्षं तो खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि ग्रेसी सगळं करायची. "साहेब, जरा पाय उचला, झाडायचंय," असं ती म्हणायची तेव्हा शेजारीसुद्धा हसायचे. आता फावडं हातात घेतल्यावर त्याला कळलं की वाळू खणण्यात केवढी कंबर जाते.

दुपारी महिपती आला. कंपनीच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, मूळचा परभणीकडचा. बायकोमुलं गावी, हा इथे एकटा. दर ऑक्टोबरात तो कुठल्याशा शेतावरून लेंडीखताच्या दोन गोण्या आणून द्यायचा आणि दर जानेवारीत त्याबदली पिशवीभर पापडी घेऊन जायचा.

"भाऊ, वैनीचं बी हाय ना?" गोणी उतरवत त्याने विचारलं.

"आहे. थोडंच आहे."

"मग झालं तर. वैनीचं बी कधी फुकट नाय गेलं."

ते बी ग्रेसीच्या माहेरच्या वाडीतलं होतं. वालाच्या पापडीचं, जांभळ्या कडेचं. अकरा वर्षांपूर्वी तिने पदरात बांधून आणलं आणि दरवर्षी मार्चमध्ये शेवटच्या शेंगा वेलावर वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवलं. समुद्रावरच्या बार्बेक्यूची राख चाळून आणायची आणि त्या राखेत, हॉर्लिक्सच्या बाटलीत दाणे पुरायची. जुनं बी ठेवायचं नाही, सगळं पेरायचं, असा तिचा नियम. माहेरच्या वाडीवर आता चार मजली इमारत उभी होती, त्यामुळे तिकडून पुन्हा आणायची सोय उरली नव्हती. गेल्या मार्चमध्ये, अंगात त्राण नसताना, गाऊनवरच बाहेर येऊन तिने एका वेलाच्या शेंगा तोडल्या होत्या. राख झटकून हॅरीने दाणे मोजले. तेवीस.

डायना दारात उभी होती. बाटलीकडे बघत म्हणाली, "मम्माज पापडी?"

"हो."

"उद्या लावू या?"

मराठीत. चार महिन्यांत पहिल्यांदा. बाटली हॅरीने अशी धरली की जणू तिच्यातच पोरीचं रडणं कोंडलेलं होतं, आणि पापडी उगवली की ते मोकळं होणार होतं.

संध्याकाळी दाणे भिजत घालायचे होते. ग्रेसी काचेच्या वाडग्यात घालायची, लाल खुणेच्या नळाखाली धरायची, वर ताटली झाकायची. हॅरीने अगदी तसंच केलं. अकरा वर्षं पाहिलेलं होतं, चुकणार कसं? तो ताटली शोधायला वळला, शोधून परत आला, वाडग्यावर वाकला, आणि त्याचा चष्मा धुरकटला.

ग्रेसी दाणे आधी भिजवायची, गीझर नंतर लावायची. यंदा गीझर त्यानेच सकाळी लावला होता. पूर्ण गरम.

त्याने पाणी ओतून टाकलं, वाडगा थंड नळाखाली धरला, फ्रीजमधला बर्फ टाकला. सगळं वरातीमागून घोडं. दाण्यांची सालं सुरकुतली होती आणि स्वयंपाकघरात शिजलेल्या वालाचा वास पसरला होता. सुट्टीच्या दिवशी मिस्साच्या प्रार्थनेवरून आल्यावर घरात यायचा तो वास. ग्रेसीचा वास. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. हॅरी ओट्याला धरून उभा राहिला आणि त्याला वाटलं, आपण तिला दुसऱ्यांदा मारलं.

डायनाला सांगायचं? त्याने तोंड उघडून पाहिलं, नुसत्या स्वयंपाकघरात, एकट्याने. जमलं नाही. एखादा तरी दाणा वाचला असेल, अशी समजूत घालून त्याने दाणे ओल्या फडक्यात बांधले.

सकाळी नळाला लाल रिबीन बांधलेली दिसली. पोरीला आईची आठवण झाली असेल, असं त्याला वाटलं, आणि तो तिथून लवकर बाहेर निघून गेला.

दोघांनी वाफा केला. डायना बोटाने खळगा करायची, हॅरी दाणा ठेवायचा. तेवीस खळगे. मग रोज पाणी. सकाळी शाळेच्या बसआधी डायना घालायची, संध्याकाळी ड्यूटीवरून आला की हॅरी. पापडी पाचव्या-सहाव्या दिवशी माती फोडते. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. "थंडी यायला उशीर झालाय," हॅरी म्हणाला. "येस, पपा," डायना म्हणाली आणि झारी भरायला गेली. तिचं ते शहाण्यासारखं पाणी घालणं त्याला बघवेना.

नवव्या दिवशी महिपती आला. वाफ्याशी उकिडवा बसला, बोटाने माती उकरली आणि एक दाणा वर काढला. पिचपिचीत, काळा पडलेला. त्याने हॅरीकडे पाहिलं. हॅरीने मान खाली घातली. तेवढ्यात डायना बाहेर आली. महिपतीने दाणा मुठीत लपवला, माती सारखी केली आणि मोठ्याने म्हणाला, "औंदा जरा उशीरच हाय बाळ. निघंल, इन्शाल्ला निघंल." मग चहा न घेताच टँकर घेऊन गेला.

दोन नोव्हेंबर उजाडला. मृतांचा दिवस. वसईत त्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात असतं. कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. हॅरीच्या बहिणीचा फोन येऊन गेला, कबर छान सजवली म्हणाली. हॅरी फोन ठेवून अंगणात आला. ऊन उतरलं होतं. डायना वाफ्याशी झारी घेऊन बसली होती आणि रोजच्यासारखं एकेका खळग्यात पाणी सोडत होती.

आता त्याला सोसवेना. "डायना, बाळा, ठेव ती झारी. ते उगवणार नाहीत. मी..."

"पपा, मला माहीत आहे."

तो दोन पावलं पुढे आला.

"मी पाणी प्यायला आले होते तेव्हा. तू वाडग्यात बर्फ टाकत होतास." ती खाली बघूनच बोलत होती, मराठीत, आईच्या वळणाने. "रिबीन मी नंतर बांधली. आधी बांधायला पाहिजे होती. मम्मा असती तर आधीच बांधली असती. माझं काम होतं ते, पपा. तू एकटाच सगळं करत होतास आणि मी खोलीत बसून होते."

"मग अकरा दिवस पाणी का घालत होतीस?"

"तू संध्याकाळी आल्यावर पहिला इथेच यायचास ना. कोरडं दिसलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

हॅरी वाळूत तिच्याजवळ बसला. त्याने झारी तिच्या हातातून घेतली आणि उरलेल्या सात खळग्यांत स्वतः पाणी घातलं. डायना आत गेली, परत आली ती मेणबत्ती घेऊन. वाफ्याच्या कडेला ओल्या मातीत तिने ती रोवली. वारा होता, तीन काड्या विझल्या. चौथी पेटली तेव्हा तिने दोन्ही हातांचा आडोसा धरला, आणि तसाच आडोसा धरून ती रडायला लागली.