ब्रूनाचं शेवटचं चीज

“ये ना आयविस, ये! पण आधी गाणं ऐकायचं, मग चीज!” मी फाटकातच त्याला अडवलं.

लिगोच्या, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, संध्याकाळी दारी आलेल्याला घरच्या बाईनं हातचं चीज द्यायचं आणि तोंडावर त्याची टिंगल गायची, ही आमची रीत. कितीही झोंबलं तरी पाहुण्यानं रागवायचं नाही. वर्षभर मी याच संध्याकाळवर टपून होते.

आयविस शेजारचाच. माझ्याच गोठ्यातल्या दुधावर वाढला. लाटव्हिया युरोपियन युनियनमध्ये गेला आणि हा डेअरीचा साहेब झाला. नव्या नियमांत एकदोन गायींवाल्यांचं दूध बंद! गोठ्याला फरशी नाही, दूध गार करायचं यंत्र नाही. गोठे ओस पडले, पोरं आयर्लंडला अळंबी खुडायला गेली. बरं, नको तर नको म्हणायचं! पण मेल्यानं सगळ्यांदेखत माझी कॅन रस्त्यावर उपडी केली. एकट्या बाईनं रोजचं बादलीभर दूध कुणाच्या नरड्यात ओतायचं? परवा माझ्या एकुलत्या गायीला, ब्रूनाला, खाटकाची गाडी घेऊन गेली.

मी सूर लावला:

“ज्या दुधावर वाढला पोर, लिगो, लिगो!
तेच ओतलं रस्त्यावर, लिगो, लिगो!”

सगळं अंगण खो खो हसलं. म्हाताऱ्या स्कायद्रीतेला तर ठसकाच लागला. आयविसही हसला, पण कान लाल झाले होते.

मग ताट फिरवलं. सगळ्यांना ब्रूनाच्या शेवटच्या दुधाचं, शहाजिरं घातलेलं चीज. आयविसच्या हातावर प्लास्टिकमधली चकती ठेवली.

“हे काय, झेंटामावशी?”

“तुझ्याच डेअरीचं, बाबा. खा, नियमात बसतं!”

सगळ्यांच्या नजरेसमोर त्यानं ते चावून चावून गिळलं. जाताना फाटकाशी घुटमळला.

“मावशी, मला नको. आईपुरता तुकडा दे. अंथरुणावरून सारखी विचारतेय, झेंटाचं चीज आणलंस का म्हणून.”

“संपलं,” मी म्हणाले.

ताटातल्या फडक्याखाली एक तुकडा होता. त्याला तो दिसलाही. फाटक ओढून घेऊन गेला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सकाळी सवयीनं बादली घेऊन गोठ्यात गेले. दावं खुंटीला लटकत होतं. धार काढायच्या स्टुलावर बसले आणि तो तुकडा मीच खाल्ला. शहाजिरं जरा जास्तच पडलं होतं.