बटणची कोरी वही

"मावशी, तिला फोन लावू नका. ती काही आता यायची नाही," असं म्हणून गणिताच्या सरांनी उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर टाकली आणि ते चहा प्यायला निघून गेले.

मी फोन लावलाच. माझं कामच ते आहे. कॉलेजच्या पूर्वतयारी वर्गाची मी कारकून. शाळेत कच्ची राहिलेली आणि घरी कॉलेजचं तोंडही कुणी न पाहिलेली बासष्ट पोरं आमच्याकडे वर्षभर असतात. चार विषय सुटले तर पुढच्या वर्षी नियमित प्रवेश, नाही सुटले तर घरचा रस्ता. रोज सकाळी आठ वीसला मी हजेरीपट उचलते आणि ज्याच्या नावापुढे सही नाही त्याला फोन करते. "झोपलायस का?" इथपासून "आजीला दवाखान्यात मी नेते, तू पेपरला जा" इथपर्यंत सगळं त्या फोनवर बोलून झालेलं आहे. पोरं मला फोनमावशी म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील, ते मी ऐकायला जात नाही.

रिंग वाजत राहिली. तो फोन तिच्या आईचा. ती सदऱ्यांना बटणं लावायचं काम घरी आणते आणि काम करताना फोन उशीखाली ठेवते, हे मला चार महिन्यांत पाठ झालं होतं. त्या बटणांवरूनच वर्गाने मुलीला बटण नाव ठेवलं. तिने ते मुकाट्याने घेतलं, जशी ती सगळंच घेते.

मी उत्तरपत्रिका उघडली. दहा गणितं, दहा उत्तरं, सगळी बरोबर. आणि त्यांच्यावर, जिथे आकडेमोड असायला हवी, तिथे नुसता कागद. जरा मळकट, पण कोरा. आमच्या वर्गात पेपर पेन्सिलने लिहिलेला चालतो. चुकायची धास्ती कमी व्हावी म्हणून प्रमुख बाईंनीच ती सवलत दिली होती.

सकाळी तपासलेले पेपर वाटताना सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मी तेव्हा दारातच होते.

"मधल्या पायऱ्या कुठंयत?"

"केल्या होत्या, सर."

"मग गेल्या कुठं? उडून?"

वर्ग हसला. त्यानंतर तिने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. सर वाईट माणूस नाहीत. पण मागच्या वर्षी त्यांना दोन पोरांनी दुसऱ्याची उत्तरं उतरवून असंच बनवलं होतं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. "तीनला समिती बसेल. तिथे येऊन सांग, नाहीतर नाव कमी होईल," एवढं ते म्हणाले. बटणने दप्तर उचललं आणि माझ्या शेजारून बाहेर पडली. मी तिला थांबवलं नाही.

का थांबवलं नाही, ते सांगते. माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. सप्टेंबरात जिला अपूर्णांक येत नव्हता, तिची दहाच्या दहा उत्तरं बरोबर? मी मनातल्या मनात म्हटलं, पोरी, कुणाचं बघितलंस गं? ह्या एका प्रश्नाची लाज मला अजून वाटते.

दीडपर्यंत मी पाच फोन केले. मग बसवेना. घरी आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर एका स्टुलावर, डोळ्याला भिंग लावून. ते म्हणतात, "तुझ्या पायाला भिंगरी आहे, आणि तीही दुसऱ्यांच्या पोरांसाठी." म्हणोत बापडे. त्यांना मी एक गोष्ट कधी सांगितलेली नाही. ह्याच कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. इंग्रजीच्या तासाला एकदा उभी राहिले, वाचता आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर मला वाटत होतं, कुणीतरी विचारायला येईल. दारावर थाप पडली की मी केस नीट करायचे. कुणी आलं नाही. सात वर्षांनी आले ती कारकून म्हणून.

मी प्रमुख बाईंना म्हटलं, "जरा जाऊन येते." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तीनच्या आत," त्या म्हणाल्या.

बटणचं घर एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिन्यात सायकली. दार उघडंच होतं. एकच खोली. खिडकीखाली निळ्या सदऱ्यांचा ढीग आणि ढिगाच्या अलीकडे आई, पलीकडे बटण. दोघींच्या हातात सुया.

मला पाहून आई धडपडत उठली. "अगंबाई, मावशी! फोन होता का तुमचा? उशीखाली राहिला बघा. बसा ना. हिला आज लवकर सोडलं म्हणे."

बटणने मान वर केली नाही.

"चल," मी म्हटलं.

"मला नाही यायचं."

"तीनला समिती आहे."

"माहितीये. सोमवारपासून मी पॅकिंगला जाणारे. खालच्या ताईंनी विचारलंय."

आईच्या हातातली सुई थांबली. "पॅकिंगला? का गं? काय झालं?"

मी काय ते सांगितलं. पायऱ्या नाहीत म्हणून नकलेचा संशय आहे, असं मला त्या बाईच्या तोंडावर म्हणावं लागलं. वाटलं, आता ही रडेल किंवा मुलीला बोलेल. ती नुसतीच गोंधळली.

"अहो, पण पायऱ्या कशा असतील? ती पुसते ना."

"पुसते म्हणजे?"

आईने उशाखालून एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे गेलेली. मी उघडली. पहिलं पान कोरं, दुसरं कोरं, सगळी वही कोरी. पण कोऱ्या वहीसारखी नाही. पानं करडी पडलेली आणि दहा वेळा धुतलेल्या फडक्यासारखी मऊ. एका पानाला घासून घासून भोक पडलं होतं.

"हिचं झालं की धाकटी करते, धाकटीचं झालं की ही," आई म्हणाली. आवाजात चक्क कौतुक. "एक वही दोघींना वर्षभर पुरते. मीच वळण लावलंय. उत्तर आलं की मधला पसारा आवरायचा. पान दुसऱ्याला स्वच्छ द्यायचं."

"पण इथे तर उत्तरंही नाहीत," मी बटणला म्हटलं.

"दुसऱ्या दिवशी सर विचारतात. सांगून झाली की तीही पुसते."

"आणि पेपरातही पुसलंस?"

"सवयीनं, मावशी. वेळ उरला होता. मला वाटलं, सरांना स्वच्छ दिसेल."

"अगं मग सकाळी बोलायला काय झालं होतं तुला?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काय सांगणार? की आमच्याकडे एकच वही आहे? सगळे हसत होते आधीच."

वही हातात घेऊन मी खिडकीशी गेले, उगाच, तोंड लपवायला. आणि उजेड कडेने पडला तसं पान बोलायला लागलं. ती पेन्सिल दाबून लिहिते. शिसं गेलं होतं, पण खोबणी राहिल्या होत्या. आकड्यांवर आकडे, मोठीचे, धाकटीचे, एकमेकांत गुंतलेले, चार महिन्यांचे.

"ऊठ," मी ओरडलेच. "चप्पल घाल. वही घे."

"पण मावशी..."

"मावशीबिवशी काही नाही. ऊठ."

तिच्या आईने तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि आपल्या पदराला टोचली.

आम्ही चाललो नाही, धावलोच. बस आली नाही. मी हिशेब करत होते, दोन सिग्नल, एक पूल, मागचं फाटक. मध्येच बटण थांबली. "त्यांना नाही पटलं तर?" मी म्हटलं, "तर मग पॅकिंगला जा, पण आज जाऊन तरी ये." मला दम लागला होता, म्हणून ते रागाने आलं. खरं तर मी स्वतःलाच ओरडत होते, एकोणीस वर्षांच्या मला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही आत शिरलो. टेबलाच्या त्या बाजूला प्रमुख बाई आणि सर. सरांसमोर ती उत्तरपत्रिका. मी वही ठेवली. सरांनी पानं चाळली आणि भुवई उचलली.

"ही तर कोरी आहे."

"सर, खिडकीशी या," मी म्हटलं. बावीस वर्षांत मी सरांना कुठे या असं म्हटलं नव्हतं. "आणि पेपरही आणा."

ते का उठले कोण जाणे. कदाचित माझी अवस्था बघून. त्यांनी उत्तरपत्रिका उजेडात आडवी धरली, जरा वाकडी केली, आणखी जरा. मग त्यांचं बोट कागदावरून हळूहळू सरकायला लागलं. ओठ हलत होते. बटण माझ्या मागे उभी होती आणि तिचा श्वास मला मानेवर लागत होता. एक गणित झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"इथे आधी वजा धरलं होतंस."

"हो, सर. मग खालच्या ओळीत कळलं."

"कसं कळलं?"

आणि ती बोलली. आधी पुटपुटत, मग नीट. पुढे येऊन तिने कागदावर बोट ठेवलं आणि तिथे नसलेल्या ओळी सरांना एकेक वाचून दाखवल्या. सर मध्ये प्रश्न टाकत होते, ती उत्तर देत होती. मी खुर्चीत बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच निवांत.

दहावं गणित संपल्यावर सरांनी खिशातून लाल पेन काढलं. कोपऱ्यात गुण लिहिले. मग बराच वेळ पेनचं टोपण लावत राहिले.

"सकाळी मी विचारलं, ते वर्गात विचारायला नको होतं," ते म्हणाले. "उद्या वर्गातच तसं सांगेन."

बटणने मान हलवली.

"पण एक कर. यापुढे काही पुसायचं नाही. चुकलं तरी राहू दे. एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं."

ती विचारात पडली. तिला ते खरंच अवघड वाटलं असावं.

"मग पानं संपतील ना, सर?"

सरांनी प्रमुख बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी उगाचच हजेरीपट शोधायला लागले, जो माझ्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटातला एकाच बाजूला छापलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढून पहिल्या बाकावर ठेवला. लागेल त्याने घ्यावं, कुणी विचारू नये, असं म्हणाले. आम्हाला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

पण ते नंतर. त्याआधी, आठ अठराला बटण माझ्या टेबलाशी आली. हजेरीपटाला बांधलेलं पेन तिने उचललं आणि आपल्या नावापुढे सही केली. केल्यावर, रबराचा भुगा झटकावा तसा तिने सवयीने कागदावरून तळहात फिरवला. शाई ओली होती. थोडी फरफटली, पण सही राहिली. ती त्या सहीकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि वर्गात गेली.

आठ वीस झाले. दोन नावांपुढे जागा रिकामी होती. मी फोन उचलला.