रूपरावांच्या हॉटेलातली तर्री

सिंदीच्या स्टेशनाबाहेर रूपरावांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि मालकाचा तोरा. पण तिथल्या पोह्यांवर तर्री, म्हणजे झणझणीत लाल रस्सा, पडली की माणूस गाडी चुकवायचा, हे मात्र खरं. लोक म्हणत, रूपरावांचा हात धरणारा कोणी नाही. रूपरावांनी जन्मात कधी कढई ढवळली नव्हती. हात होता मागच्या खोलीतल्या देवकाबाईंचा, त्यांच्या बायकोचा.

१९९३ साली थोरली सून म्हणून कांता आली. दिवाळी सरताच सासूने तिला मसाला भाजायला बसवलं. तर्री चाखून रूपराव गल्ल्यावरून ओरडले, "सुनेच्या हाताले सासूपेक्षा चव हाय!" कांता फुलून गेली. देवकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कांताला वाटलं, कौतुकाचं. दुसऱ्या दिवशी सासूबाई लेकीकडे पिपरीला गेल्या आणि महिनाभर फिरकल्या नाहीत, तेव्हा तिला कळलं, ते पाणी सुटकेचं होतं.

त्यानंतर कांताचा पाय त्या खोलीतून निघाला नाही. भावाच्या लग्नातून ती अक्षता पडताच परतली. वडील गेले तर तिसऱ्याच दिवशी नवरा, धनंजय, न्यायला दारात हजर. "गिऱ्हाईक वापस जाऊन राह्यलं ना," म्हणाला, जणू गिऱ्हाईकच मेलं होतं. तर्री तुम्हालाच शिकवते, असं कांताने म्हटलं तर हसला. मारझोड असती तर चारचौघांना सांगता आलं असतं. कौतुकाने बांधलेल्या बाईने तक्रार कोणाकडे करायची?

२००४ मध्ये धाकट्या दिराची, निकेशची बायको मयुरी घरात आली. हसरी, लाघवी पोर. सावंगीला नर्सिंग शिकत होती. सुटीत कांताच्या मागे मागे फिरायची. "ताई, मले शिकवा ना तर्री. मामंजी खूश होतील." मामंजींनी तर ठरवूनच टाकलं होतं, "हिले तर्री जमली का कॉलेज बंद." मयुरीला ती थट्टा वाटली. कांताला वाटली नाही.

एका सकाळी मयुरीने हट्टाने सगळी तर्री एकटीने केली आणि हात धुवायला गेली. कांताने थेंबभर तळहातावर घेऊन चाखली. तर्री तिच्यापेक्षाही सरस झाली होती. आता एक वाटी बाहेर नेऊन दिली की आपण सुटलो. माहेर, भावाची पोरं, दुपारची झोप, सगळं परत मिळणार.

तिने मिठाचा डबा उचलला आणि मूठभर मीठ पातेल्यात टाकलं.

रूपरावांनी पहिलाच घोट थुंकला. कांता बाहेर येऊन भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "मामंजी, हिच्या हाताले चवच नाई. हिले कॉलेजातच जाऊ द्या. भट्टीजवळ काऊन येऊ देता?"

मयुरी रडत आत पळाली. पुढे नर्स झाली, निकेशला घेऊन सावंगीला राहू लागली. सणाला येते, सगळ्यांच्या पाया पडते, थोरल्या जावेशी मात्र बोलत नाही. मागच्या दिवाळीत कांताने तिच्या पोह्यांवर तर्री घालायला पळी पुढे केली, तर तिने बशीवर हात आडवा धरला. कांता पुढच्या बशीकडे वळली.