कोरसमधली धुरपता

“इथं सही करा, आबा, आन् खाली तारीख घाला,” नागेशनं कागद बाजेवर ठेवला. “साडेअकराची बस गेली की वकीलसाहेब घावत न्हाईत आज.”

सटवाजीनं चष्मा शोधायचं सोंग केलं. चष्मा कपाळावरच होता, ते चुलीपाशी बसलेल्या सुनेलाही दिसत होतं. पिंगळीचं रेल्वे फाटक तीस वर्षं राखलेला हा माणूस. गाडी यायच्या आत फाटक टाकायला एकदाही चुकला नाही. आज मात्र त्याचा हात पेनाकडं जाईना.

भानगड त्यानंच ओढवून घेतली होती. तरुणपणी त्याची गायन पार्टी होती. सासरी निघालेल्या बहिणीवर त्यानं एक गाणं रचलं, ‘पिंगळीच्या फाटकापाशी थांब गं बहिणी घडीभर’, आणि परभणीत त्याची कॅसेट निघाली. यंदा मुंबईच्या एका नामांकित हिरोनं तेच गाणं, ना विचारता ना सांगता, स्वतःच्या आवाजात काढलं. हिरोचा गळा म्हणजे कोरड्या विहिरीवरचा रहाट. तरी गंगाखेडपासून पूर्णेपर्यंत प्रत्येक वरातीत तेच वाजत होतं. सटवाजी विहारात चाळीस माणसांपुढं उभा राहून गरजला, “माझ्या गाण्याचं मातेरं केलं. बंद पाडल्याबिगर ऱ्हाणार न्हाई.” पोरानं ते मनावर घेतलं. आता या अर्जावर सही झाली, की गाणं सगळीकडून उतरणार होतं.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. सटवाजी ते गाणं रोज चोरून ऐकत होता. साखरेचं दुखणं असलेला माणूस घरच्यांची पाठ वळताच डब्यात हात घालतो, तसं. डोक्याला मफलर, मफलरीत इअरफोनची वायर, आणि ‘ऊस बघून येतो’ म्हणून बांधावर बसायचं. एकच गाणं सात-आठ वेळा. “मामाला ऐकू कमी यायलंय वाटतं,” असं सून मनिषा नवऱ्याला म्हणायचीसुद्धा.

“कामून थांबलाव?” नागेशचा आवाज चढला. “महिनाभर शाळेतनं रजा काढू काढू फिरायलोय मी.”

“ऱ्हाऊ दे.”

“काय ऱ्हाऊ दे?”

“चालू दे ते गाणं.”

नागेशचा चेहरा लाल झाला. “आबा, समद्या गावाला सांगून बसलाव तुमी. लोक म्हणतील, हिरोला भिऊन म्हातारा गप बसला. मी तोंड कुठं लपवू?”

सटवाजीनं कोपरीच्या खिशातून फोन काढला. वायरीचं एक टोक त्यानं पोरापुढं धरलं. “हिरोकडं ध्यान देऊ नको. मागं कोण हाय ते ऐक.”

नागेशनं नाइलाजानं कानात घातलं. गिटार धडधडली, हिरोनं पहिली ओळ ओढूनताणून संपवली. मग जुन्या कॅसेटमधून उचललेला बायकांचा कोरस आला. तीन आवाज. त्यातला एक बारीक, सरळ वर जाणारा. नागेशचा पेन धरलेला हात तसाच राहिला.

“आई,” तो म्हणाला.

धुरपताबाईला जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात तिचा फोटो होता, आवाज कुठंच नव्हता.

“कॅसेट भरताना एकच माईक हुता,” सटवाजी खाली बघत म्हणाला. “तिचा आवाज माझ्यावर चढायलता. मीच म्हणलं, चार पावलं मागं सर, दारापाशी उभी ऱ्हाय. बालाजी ढोलकीवाला म्हणला बी, वहिनीला पुढं घे. न्हाई घेतलं. कॅसेटात नुसता मीच मी हाय. ह्या हिरोवाल्यांनी माझा आवाज काढून टाकला, तवा ती ऐकू आली.”

त्यावर ती जन्मभर अक्षर बोलली नव्हती. त्याची लाज त्याला आज वाटत होती, तीही पोरासमोर.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. कुणी उठलं नाही. मनिषा हात पुसत आतून आली आणि तिथंच थांबली.

“विहारात काय सांगायचं?” नागेशनं विचारलं.

“मीच सांगतो. सटवाजी चुकला म्हणून.”

नागेशनं कागदाची घडी घातली आणि फोनमधून वायर उपसली. गाणं घरभर झालं. सटवाजी बाजेवरून उठला, चार पावलं मोजत दारापाशी गेला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. कोरस आला तेव्हा त्याचे ओठ हलले. आवाज मात्र त्यानं काढला नाही.