आवं नावाचं कासव

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि माझ्या आयुष्याचा निम्मा भाग मी दुसऱ्याची शाबासकी स्वतःची समजून खाल्ली आहे. हे कबूल करायला मला बावीस वर्षं लागली. आज करतो.

सणसरच्या पुढं, उसाच्या रानातल्या एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून मला तिथं आणलं. जोतीराम गुरुजींनी मला नारळ फोडला, माझ्या काचेला हळदीकुंकू लावलं आणि मग ते पुसता पुसता त्यांच्या नाकी नऊ आले. समोरच्या भिंतीला पांढरा चुना दिला होता. खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून अंधार केला की माझं राज्य सुरू व्हायचं. पोरं टाळ्या वाजवायची आणि माझा पंखा घुर्रर्र करत फिरायचा. काय सांगू, आपला तोरा काही औरच होता!

शनिवारी सकाळची शाळा असायची. खिचडी खाऊन झाली की सिनेमा लागायचा. गुरुजींकडं सिनेमाची एकच सीडी होती, कार्टूनची, तीही इंग्रजीत. नदीला पूर येतो, कासवाचं पिल्लू वाहून जातं, आणि नवरा-बायको कासवं त्याला शोधत नदीकाठानं निघतात, अशी त्याची गोष्ट. पहिल्या महिन्यातच माझ्या जोडीच्या स्पीकरची वायर उंदरानं कुरतडली. बारामतीला दुरुस्तीला न्यायचा म्हणता म्हणता राहूनच गेलं. इंग्रजी तसंही कुणाला कळत नव्हतं, त्यामुळं कुणी तक्रार केली नाही.

आवाज गेला आणि बनाबाई बोलायला लागली.

बनाबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. पोरं तिला बनामावशी म्हणायची. हात पदराला पुसत ती शेवटच्या रांगेत येऊन बसायची आणि भिंतीवर दिसेल त्याची गोष्ट सांगत सुटायची. सिनेमातली नदी तिच्या तोंडी कालवा झाली. मगर झाली पाण्याची पाळी सोडणारा पाटकरी. "आला बघा मुडदा! आमच्या पाळीला ह्याचं तोंड वाकडं!" डोंगरातून धूर निघाला की म्हणायची, "भवानीनगरचा कारखाना पेटला वाटतं. चला, तोडणी आली." पोरं लोळून लोळून हसायची. पिल्लू वाहून जातानाचा तिचा आवाज ऐकून तीच पोरं रडायचीसुद्धा.

आणि कासवीण तर नवऱ्याला एक मिनिट सुखानं चालू देत नव्हती. "आवं, बिगीबिगी चला की! आवं, लासुर्ण्याचं वळण आलं, झोपला का काय? आवं, माणसानं हळू चालावं, पण किती!"

तुम्हाला ठाऊक असेल, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तिच्या पिढीच्या बायकांची रीत. 'आवं' म्हणजे नुसती हाक. पण सहा-सात वर्षांच्या पोरांना ते कुठून कळणार? त्यांना वाटलं, कासवाचं नावच आवं. पोरांनी भिंतीवर कोळशानं कासव काढून खाली 'आवं' लिहिलं. वृषाली नावाची एक बारकी पोर होती, तिनं तर शाळेच्या मागं सापडलेल्या खऱ्या कासवाला आवं म्हणून हाका मारल्या. गुरुजी हसले, पण त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही.

एका माणसाचा मात्र मला भयंकर राग यायचा. उसाला पाणी देऊन झालं की बनाबाईचा नवरा तिला न्यायला सायकलवर यायचा. उंबऱ्यावर बसायचा, तोही माझ्याकडं पाठ करून! अरे बाबा, एवढा रंगीत सिनेमा चालू आहे आणि तू बाहेर बाभळीकडं काय बघतोस? त्याचे खांदे हलायचे, अधूनमधून तो खोकायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला दम्याचा त्रास असेल. तो हसू दाबत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. माझा उजेड पुढच्या भिंतीवर पडतो, मित्रांनो. मागचं मला कमीच दिसतं.

मग घरोघर मोबाइल आले. गुरुजी निवृत्त झाले, मला कपाटात ठेवलं आणि माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बसला. काचेवर धूळ, पंख्यात कोळ्याचं घर. कपाटाच्या फटीतून जे ऐकू येई तेवढंच माझं जग होतं. दोन-तीन वर्षांमागं असंच ऐकलं, बनाबाईचा नवरा गेला. मला फारसं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कपाट उघडलं. समोर वृषाली! आता ती बारामतीला दवाखान्यात नर्स आहे. तिचं बोट धरून तिची सहा वर्षांची लेक, निकिता. त्या कासवांच्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता, हिंदीत बोलणारा. वृषालीनं ठरवलं होतं, तो इथंच, ह्याच भिंतीवर, जुन्या सगळ्यांना घेऊन बघायचा. निकिताला ती रोज जेवू घालताना आवंच्या गोष्टी सांगायची. आपण लहानपणी जसं हसलो तसं आपल्या लेकीनं एकदा तरी हसावं, एवढीच तिची हौस होती.

तिच्या वर्गातला अविराज आता कारखान्याला उसाची ट्रॉली ओढतो. त्यानं मला बारामतीला नेऊन धुऊन पुसून आणलं, आणि सोबत हा एवढा थोरला नवा स्पीकर! मी हरखलो. बावीस वर्षांनी मला कंठ फुटला होता.

दुपारी वस्ती गोळा झाली. गुरुजी काठी टेकत आले. बनाबाईला वृषालीनं हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. म्हातारी खुलली होती, नवं लुगडं नेसून आली होती. दिवा लागला, भिंतीवर नदी आली, आणि बनाबाईनं सवयीनं सुरुवात केली, "आलं बघा पाणी कालव्याला..."

"मावशी," वृषाली हळूच म्हणाली, "आता आवाज येतोय. तुम्ही निवांत बघा. पोरांना ऐकू द्या."

किती प्रेमानं म्हणाली! इतकी वर्षं चुलीपुढं राबलेल्या बाईनं आता आरामात बसावं, असंच तिच्या मनात होतं. बनाबाईनं पदराचं टोक तोंडाला लावलं आणि ती गप्प झाली. मीही मग घसा मोकळा सोडून गर्जायला लागलो.

सिनेमात कासवं शहरात गेली, मोटारीत बसली, नाचली. नवऱ्या कासवाचं नाव होतं टोबो. निकिता सारखी आईचा दंड हलवत होती. "मम्मी, आवं कुठाय? आवं कधी येणार?"

सिनेमा संपल्यावर एकानंही टाळी वाजवली नाही.

"पयल्याची सर न्हाय," अविराज म्हणाला. "पार वाटोळं केलं गोष्टीचं. आवंचं नावच बदललं की ह्यांनी!"

"दुसरे भाग असेच असतात," वृषाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "गुरुजी, पहिला आहे का हो तुमच्याकडं? हिला तो तरी दाखवू."

गुरुजींनी पहिला सिनेमा पेन ड्राइव्हवर जपून ठेवला होता. तो लावला, आणि त्या पहिल्या महिन्यानंतर प्रथमच आवाजासकट तो सगळ्यांनी ऐकला. कासवं इंग्रजीत चार शब्द बोलली. मगर नुसतीच मगर होती. धुराच्या डोंगरावर बाजा वाजला. बाकी सगळं संगीतच.

"आवं म्हनतच न्हाय की कुनी," अविराज पुटपुटला.

खरं सांगू मित्रांनो? दुसरा भाग वाईट नव्हता. पहिल्याइतकाच होता. लोक ज्याच्याशी त्याची तुलना करत होते, ते माझ्यात कधी नव्हतंच. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. मला इतकी लाज वाटली की पंखा बंद पडला असता तर बरं झालं असतं.

वृषाली उठली आणि तिनं स्पीकरची वायर ओढून काढली. भिंतीवर कासवं मुक्यानं चालायला लागली. ती बनाबाईपुढं जाऊन बसली. "मावशी, चुकलं माझं. तुम्ही सांगा की. पोरीला एकदा ऐकू द्या."

बनाबाई भिंतीकडं बघत राहिली. नवरा कासव मागं रेंगाळत होता, कासवीण थांबून वळली होती, अगदी हाक मारायची जागा होती ती. हाक आली नाही.

"न्हाय गं येत," ती म्हणाली. "कासवाला कशाला म्हनीन मी आवं? आमचं मालक बसायचं न्हवं का तितं दारात. त्यांना ऐकवायची मी. घरी सासूपुढं बोलता यायचं न्हाय, मग हितं भिताडाकडं बघून बोलून घ्यायची सगळं. त्ये हसायचं. घरी जाताना सायकलवर परत परत इचारायचं, 'आज कासवीन लय तापली हुती वाटतं?'" ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "आता कुनाला म्हनू?"

वृषालीला रडू आवरेना. एका दुपारची हौस होती तिची, आणि ती दोन वर्षं उशिरा आली होती. निकिता मात्र अजून पहिल्याच प्रश्नाशी अडकली होती.

"आजी, मग आवंचं खरं नाव काय होतं?"

"अगं, असं विचारू नये," गुरुजी घाईनं म्हणाले.

बनाबाईनं हातानंच त्यांना थांबवलं. निकिताला जवळ ओढलं, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"दत्तोबा," ती म्हणाली.

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि ऐकायला तो नव्हता.

मित्रांनो, आता मी परत कपाटात आहे. माझी काच पुसा, पंख्यातली धूळ काढा, मला बरंच वाटेल. पण माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरात भिंतीकडं, टीव्हीकडं, चुलीकडं बघत कुणीतरी कुणाला तरी काही ऐकवत असेल. माझ्या आवाजापायी ते तुम्हाला ऐकू येत नसेल, तर उठा आणि आधी मला बंद करा.