पोहोचल्याची हिरवी खूण

पडद्यावरची रेघ मधूनच तांदळाच्या दाण्याएवढी वर सरकायची आणि तिथेच थांबायची. सकाळपासून ती एकदाही खाली आली नव्हती. प्रोग्राममध्ये अडकून पडलेल्या कामांची ती रेघ होती.

इंडोनेशियातल्या जोगजा शहराच्या रक्तपेढीचा हा प्रोग्राम वेनिंग सांभाळायची. रुग्णालयाने रक्त मागितलं की आत एक चिमुकलं काम जागं व्हायचं आणि मागणी 'वाटप' नावाच्या दुसऱ्या कामाच्या हाती द्यायचं. वाटप ती 'नोंद' नावाच्या तिसऱ्या कामाकडे द्यायचं. पण नोंदीलाही उलट वाटपाला काही सांगायचं असायचं. गर्दी वाढली की दोघंही हात पुढे करून उभी, घ्यायला कुणीच मोकळं नाही. मग मागचं सगळं तुंबायचं.

ही रचना तिच्या वरिष्ठांची, पाक हंदारूंची; मोठ्या माणसाला तिकडे आदराने 'पाक' म्हणतात. वेनिंगला हे काम त्यांनीच शिकवलेलं. पहिल्यांदा तुंबलं तेव्हा ते म्हणाले, मध्ये रांग ठेव, मागणी रांगेत टाकली की झालं. रांगेत पडणं म्हणजे पोहोचणं नव्हे, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची तिथे रीत नाही. तिने मान खाली घालून हो म्हटलं. पुढे दर वेळी तिने रांग वाढवली. मागणी रांगेत पडली, की रुग्णालयाच्या पडद्यावर 'पोहोचली' अशी हिरवी खूण उमटायची.

काल डोंगराकडच्या रुग्णालयात डॉक्टर त्या खुणेवर विसंबून राहिले आणि एक बाळंतीण गेली. तिच्या गटाचं रक्त इथल्या शीतकपाटात होतं. मागणी अजून रांगेतच होती.

"आणखी लांबवा की, म्बाक वेनिंग," शेजारच्या टेबलावरचा तेगार म्हणाला; म्बाक म्हणजे ताई. "मालिओबोरोच्या बाजारापर्यंत नेऊ रांग." बोलून झाल्यावर तोच वरमला.

वेनिंगने अडकलेलं प्रत्येक काम कुठे थांबलंय ते काढून पाहिलं. सगळी त्याच दोन ओळींवर उभी होती, वाटप नोंदीला देतं ती आणि नोंद वाटपाला देते ती. दुरुस्ती म्हणजे मुळापासून नवं लिहिणं. त्यात महिने जाणार. आणि लिहूनही ती बाई काही परत येणार नव्हती.

पाक हंदारू चहाचा पेला घेऊन आले. रांग दुप्पट केली तर ईदची गर्दी निभावेल ना, असं त्यांनी नेहमीच्याच मायेने, हळूच विचारलं. हो म्हणायला तिचे ओठ हललेही.

"नाही, पाक," ती म्हणाली. "रांग वाढवायची नाही. मी हे आत्ताच बंद करते. सगळ्या रुग्णालयांना कळवा, रक्त फोनवर मागा."