सासूबाई बोका झाल्या तेव्हा

माणूस मेल्यावर कुठं जातं, ते मोठमोठ्या लोकांना विचारा. मला विचाराल तर आमच्या सासूबाई कुठंच गेल्या नव्हत्या. त्या आमच्या दुकानात, कापायच्या टेबलावर, पाय पसरून झोपल्या होत्या. आणि त्यांना शेपूट होतं.

हसू नका. आधी ऐका.

आमचं शिंप्याचं दुकान. खाली दुकान, वर आम्ही. सासूबाईंची जीभ अशी, की कात्री बोथट झाली तर धारवाल्याकडं न्यायचं कामच नाही. त्या बोलत असताना नुसती समोर धरायची, दोन मिनिटांत लखलखीत! म्हातारपणी त्यांना दिसेनासं झालं, पण डोळे गेले ते थेट बोटांत उतरले. गिऱ्हाईक आत आलं की त्या उठून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायच्या. "ये बाळा, बस." गिऱ्हाईक विरघळायचं. म्हातारी किती मायाळू! माया कसली, माप घेत होती. तो वळला की आमच्या ह्यांना हळूच सांगायची, "उजवा अर्धं बोट खाली आहे."

आणि कापायची एक पद्धत होती. हे खडूनं रेघा मारायचे. मग सासूबाई एक बोट वरून रेघेवर फिरवायच्या आणि दुसऱ्या हाताचा तळवा कापडाखालून सरकवायच्या. सगळं ठीक असलं तर बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी, टेबलावर दोनदा वाजवायचं. टक, टक. म्हणजे काप. कुठं चुकलं असेल तर तीनदा. म्हणजे थांब, परत बघ. बावीस वर्षं माझ्या नवऱ्यानं त्या दोन टकटकींशिवाय कापडाला कात्री लावली नाही. मी म्हणायचे, "अहो, श्वास तरी आईला विचारून घेता की नाही?" तर म्हणायचे, "तो तेवढा तुला विचारून घेतो."

अशी ती बाई एका दुपारी चहाचा घोट घेऊन म्हणाली, "साखर कमी आहे," आणि गेली. शेवटचं वाक्य, तेही माझ्याविरुद्ध!

त्यानंतर ह्यांचा हात जो थांबला तो थांबलाच. बटणं लावायचे, शिलाई उसवलेली दुरुस्त करायचे, पण नवं कापड कापायचं म्हटलं की कात्री उचलायची, कान द्यायचा, कात्री खाली ठेवायची. तीन महिने हेच. माणसं आपापलं कापड परत घेऊन जायला लागली. शेवटी नणंद आली. तिच्या नवऱ्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना.

"दादा, ये आमच्याकडं. खोक्यांवर शिक्के मारायचे, बस्स. डोक्याला ताप नाही."

"बघतो," हे म्हणाले. "एक तारखेपासून येतो बहुतेक."

आणि त्या दिवशी ह्यांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळून खणात ठेवली. गळ्यात टेप नसलेला नवरा मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितला. क्षणभर ओळखूच येईना. मला वाटलं, हा माणूस खोक्यांच्या कारखान्यात गेला तर सहा महिन्यांत ह्याच्याही कपाळावर शिक्का मारून ह्याला कोपऱ्यात रचून ठेवतील.

त्याच आठवड्यात समोरचा व्हायोलिनवाला आला. हनुवटीखाली वाद्य टेकून पडलेला डाग, हातात पुडकं. पुडक्यात काळी मखमल.

"कार्यक्रम आहे, वीस दिवसांनी," तो म्हणाला. "कापड माझ्या गुरूंनी दिलंय. एकच कोट निघेल, चुकलं तर दुसरं मिळायचं नाही. म्हणून तुमच्याकडं आलो."

नाही म्हणवेना म्हणून ह्यांनी खणातून टेप काढली, माप घेतलं आणि पुडकं फळीवर ठेवून दिलं. टेप परत खणात.

आमच्या दुकानासमोरच्या बाकावर मास्तर बसायचे. निवृत्त झालेले, पण शाळा सुटली तरी शाळा सुटेना असे. जगात जे काही आहे ते त्यांच्या लेखी एक तर पास नाहीतर नापास. त्या दिवशी ह्यांनी त्यांना विचारलं, "मास्तर, माणूस परत येतं का हो?"

"येतं म्हणजे? यावंच लागतं!" मास्तर सरसावून बसले. "आत्मा म्हणजे विद्यार्थी. जन्म म्हणजे इयत्ता. जो विषय कच्चा राहिला, तो पक्का करायला पुढचा जन्म."

"आईचा कुठला विषय कच्चा होता?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मी मास्तरांकडं. दोघांनाही उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "गप्प बसणं."

आणि तुम्हाला काय सांगू, नेमका तेव्हाच खिडकीतून एक धिप्पाड काळा बोका आत आला. आला म्हणजे कसा? विचारून नाही, बिचकून नाही, घर स्वतःचं असल्यासारखा. टेबलावर चढला, सासूबाईंच्या जागेवर बसला, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंड फिरवलं.

माझी जीभ काही मला विचारून हलत नाही. "अहो," मी म्हटलं, "आल्या बघा!"

"कोण?"

"कोण काय? बघण्याची तऱ्हा बघा. डोळे गेले तरी नजर हीच, बावीस वर्षं खाल्लीये मी."

"अगं, बोका आहे तो!"

"मग? आत्म्याला कुठं मिशा असतात? मिशा शरीराला. आणि खरं सांगायचं तर सासूबाईंनाही थोड्या होत्याच."

मला वाटलं होतं, हे हसतील. तीन महिन्यांत हसले नव्हते, तेवढ्यासाठी तर थाप मारली. पण हे उठले, बोक्यासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आई?"

बोक्यानं जांभई दिली.

"पण मास्तर," ह्यांचा चेहरा पडला, "माणसाचं मांजर झालं म्हणजे आई खालच्या वर्गात गेली का हो?"

"छे, छे! वरच्या!" मास्तर म्हणाले. "मांजर दिवसातले सोळा तास डोळे मिटून बसतं. कुणा साधूला जमत नाही. आईंनी मध्ये एक इयत्ता गाळून उडी मारलीये."

झालं! मी खणलेला खड्डा, त्यावर मास्तरांनी पाटी लावली, आणि पडले त्यात मीच. दुसऱ्या दिवसापासून आईला दूध हवं, तेही कोमट. आईला मासा हवा, तोही काटे काढून. मी माझ्या खुर्चीत बसायला गेले की, "अगं, आईला उठवू नकोस." आणि सासूबाईंना केस विंचरून घ्यायला आवडायचं, म्हणून रोज सकाळी मी ब्रश घेऊन त्या बोक्यासमोर! डोक्याकडून शेपटीकडं ब्रश फिरवला तर डोळे मिटून गुरगुर. चुकून उलटा फिरला तर फाडकन पंजा. माझ्या हातांवर एवढे ओरखडे, की मास्तर म्हणाले, नदीनाल्यांचा नकाशा शिकवायला वर्गात घेऊन जातो.

नणंद आली, बोक्याला छातीशी धरून ढसाढसा रडली. "आई, दादा माझं ऐकत नाही गं!" बोक्यानं तिच्या गालावर पंजा ठेवून दिला. ती गाल चोळत म्हणाली, "हीच आई. शंकाच नको."

पण एक मात्र खरं. ह्यांची मान वर आली. बोक्याशी बोलायला लागले, गळ्यात टेप आली. आणि पंधराव्या दिवशी ह्यांनी फळीवरून पुडकं काढलं. मखमल टेबलावर उलटी अंथरली, म्हणजे मऊ लवेची बाजू खाली. खडूनं रेघा मारल्या. पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, दोन बाह्या. कापड इतकं मोजकं, की एक बाही बसता बसेना. तीन तास हे मान खाली घालून सरकवत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता काप, आता काप.

ह्यांनी कात्री उचलली. बोक्याकडं बघितलं. "आई, कापू?"

बोका उठला, अंग ताणलं आणि मखमलीवर जाऊन बसला. बरोब्बर एका बाहीवर.

ह्यांनी कात्री खाली ठेवली. "आई नको म्हणतेय."

"अहो, ऊन येतं तिथं, म्हणून बसलेत त्या!"

"आज कुठं आहे ऊन?"

खरंच आभाळ भरलेलं होतं. 

एक दिवस गेला, दोन गेले. बोका खायला उतरायचा आणि परत त्याच बाहीवर. कार्यक्रमाला तीन दिवस राहिले. व्हायोलिनवाला दारातून डोकावून टेबलावरचं कापड बघून गेला, त्यानं तर जास्तच लागलं. हे मला म्हणाले, "उद्या त्याचं कापड देऊन टाकतो. आणि एक तारीख परवाच आहे. बहिणीला कळव."

"कळवते," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, कळवते तर!

सकाळी हे तोंड धूत होते तेव्हा मी सासूबाईंच्या डब्यातलं अंगुस्तान काढलं, बोटात चढवलं आणि टेबलाखाली शिरले. आता माझं शरीर म्हणजे काही तुमच्यासारखं पापड नाही. शिरताना दोन स्टुलं पडली, टेबल हललं, बोकासुद्धा वाकून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "तोंड बंद ठेवा, सासूबाई. तुमच्याच मुलासाठी चाललंय."

हे आले. पाय दिसले. कात्री उचलल्याचा आवाज आला. "आई, शेवटचं विचारतो. कापू का?"

मी खालून वाजवलं. टक, टक.

 मग पाय जवळ आले, गुडघे वाकले, आणि ह्यांचं डोकं उलटं माझ्यासमोर लटकलं.

"काय करतेस?"

"काही नाही. सुई पडली होती."

"बोटात काय आहे?"

आता लपवून काय उपयोग! म्हटलं, "अहो, थाप मारली मी. बोका म्हणजे बोकाच आहे. सासूबाई नाहीत त्या. तुम्ही हसावं म्हणून बोलले, आणि मग मागं घेता येईना." आणि मला रडूच आलं. टेबलाखाली, चार पायांवर, अंगुस्तान घालून. शोभा!

हे माझ्या बोटाकडं बघायला लागले. मग म्हणाले, "कितीदा वाजवलंस?"

"दोनदा."

"खालून नीट ऐकू येत नाही. वर येऊन वाजव."

मला बाहेर ओढायला दोघं लागलो, ते आणि मी. उभी राहिले सासूबाईंच्या जागेवर. हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. खालून थाप मारणं सोपं होतं हो. इथं ह्यांचे डोळे माझ्या बोटावर, बाजूला कात्री उघडी, आणि कापड परत मिळायचं नाही. जन्मभर तोंडानं वाट्टेल ते बोलले, पण ह्या एका बोटाला खरंच बोलावं लागणार होतं.

म्हणून मी सासूबाई करायच्या तसं केलं. वर बोट, खाली तळवा. पाठीवर वरून खाली हात फिरवला, लव मऊ लागली. पुढचे भाग, मऊ. कॉलर, पहिली बाही, मऊ. मग बोक्याला उचलून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाहीखाली तळवा घातला. खांद्याकडून मनगटाकडं हात नेला, आणि लव तळव्याला टोचली. खरखर, अंगावर येणारी. ही खरखर माझ्या हाताला चांगली ओळखीची होती. बोक्याला उलटा ब्रश लागला की अश्शीच! हात आपोआप मागं आला, पंजा बसेल म्हणून.

मी वाजवलं. टक. टक. टक.

 त्यांनी बाहीखाली हात घातला. कापड पुरावं म्हणून बाही वरचं टोक खाली अशी उलटी फिरवून आखली होती, आणि लव उलटी आहे हे ध्यानातच आलं नव्हतं. तशी कापली असती तर दिव्याखाली एक बाही काळी आणि एक राखाडी दिसली असती. सगळा कोट फुकट.

"तुला कसं कळलं?"

मी बोक्याकडं बोट दाखवलं. बोका स्वतःचं शेपूट चाटत होता, सुलट्या बाजूनं.

आणि हे हसले. असे हसले, असे हसले, की बाकावरून मास्तर पळत आत आले. "पास झालं का कुणी?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी रेघा पुसल्या, नव्यानं आखल्या. कॉलरची खालची बाजू दुसऱ्या काळ्या कापडाची केली, तेवढी मखमल वाचली, तेव्हा कुठं बाही सुलटी बसली. मी परत बोट फिरवलं, परत तळवा. मग दोनदा. दुसरी टक पुरती वाजलीही नव्हती, कात्री चालायला लागली होती. तो करकर आवाज! तीन महिने घर बहिरं झालं होतं, ते ऐकायला लागलं.

व्हायोलिनवाला अंगावर घालून बघायला आला तेव्हा मी उठून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "ये बाळा, बस." तो विरघळला. मी ह्यांना हळूच सांगितलं, "डावा अर्धं बोट वर." कोट असा बसला, की त्यानं व्हायोलिन उचललं तरी बाही जागची हलली नाही. लोक म्हणे कार्यक्रमात वादनाआधी कोटालाच टाळ्या वाजवत होते. हे मला कोटानंच सांगितलं.

नणंदेला कळवलं, दादा येत नाही, खोकी तुमची तुम्ही मोजा.

बोका त्याच आठवड्यात निघून गेला. कोळणीच्या दाराशी बसलेला दिसला पुढं, चांगला गलेलठ्ठ. मास्तर म्हणाले, इयत्ता पूर्ण झाली. जायच्या सकाळी मी त्याच्या दुधात चिमूटभर साखर घातली होती, जुनी उधारी म्हणून. त्यानं हुंगलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंड फिरवलं. आता तुम्हीच सांगा, थाप मारली होती मी की खरं बोलले होते?

अंगुस्तान अजून माझ्याच बोटात आहे. इतक्या वर्षांनी कात्री आता आमची नात चालवते, टकटक माझी. टेबलाखालच्या त्या दोन टकटकी सोडल्या तर बोटानं मी एकदाही खोटं बोललेले नाही. तोंडाचा विषय मात्र कच्चाच राहिलाय, त्यासाठी मला यावंच लागेल परत. तेव्हा पुढंमागं एखादी मांजर तुमच्या कापडावर येऊन ठाण मांडून बसली, तर हुसकावू नका. आधी खालून तळवा फिरवून बघा. आणि दूध द्याल ते कोमट द्या.